तेवढं संपवून टाक

ज्वारी चिकात आली की वळसंगहून फोन येतो. दाणा तेव्हा हिरवा असतो, नखानं दाबला की दुधासारखा पाझरतो. तो तसा राहतो थोडेच दिवस. मग कडक होतो, नुसतं धान्य होऊन जातो. म्हणून या फोनला घाई असते. माझा मेहुणा सिद्धार्थ ख्यालीखुशाली विचारत बसत नाही. "काय करलालाव दाजी? आगटी तयार हाय. कवा येता?" एवढंच विचारतो. आगटी म्हणजे रानात खणलेला हातभर खड्डा. त्यात गोवऱ्यांचा विस्तव करायचा, कणसं खुपसायची, भाजली की काढून तळहातावर चोळायची आणि फुंकर मारून कोंडा उडवायचा. मग जो हिरवा, वाफाळता, गोडसर दाणा हातात उरतो, तो हुरडा.

यंदाही फोन आला. मी दरवर्षीसारखं "येतो की" म्हणालो नाही. फोन बायकोच्या हातात दिला. "बघू रे. सांगते," म्हणाली आणि परत मेथी निवडायला बसली. माझी नजर तिच्या पायांकडं गेली. हल्ली ती आधी तिथंच जाते. तिनं पाय साडीखाली ओढून घेतले.

या दिवसांची हवा मला पूर्वी फार आवडायची. जुळे सोलापूरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत सकाळी उभं राहिलं की गार वारा कानाला लागतो, ऊन मात्र कोवळं नसतं, आमच्याकडं उन्हाला कोवळं असायला वेळच कुठं मिळतो? पण थंडीत ते अंगावर घ्यावंसं वाटतं. रस्त्याच्या कडेला हुरडा विकणारे बसलेले असतात. दुचाकीवरून जाताना गोवरीच्या धुराचा वास नाकात येतो आणि तोंडाला पाणी सुटतं. आता तो वास आला की मी गाडीचा वेग वाढवतो.

सुरुवात झाली तीही एका हुरड्यातच, दोन वर्षांपूर्वी. सिद्धार्थच्या रानात शिरताना एक बांध लागतो, फार उंच नाही, गुडघ्याएवढा. मी त्यावर चढलो आणि तिथंच उभा राहिलो. धाप लागली. खालून सिद्धार्थ ओरडला, "दाजी, पोट पोचलं बगा कवाच! तुमी या मागनं सावकाश." सगळे हसले. मीही हसलो आणि हसता हसता खाली पाहिलं तर मला माझे बूट दिसेनात.

परत आल्यावर रक्त तपासलं. साखर काठावर आहे, असं डॉक्टर म्हणाले. मी आरेखक आहे. सरकारी कचेरीत कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढण्यात माझं आयुष्य गेलं. काठावर म्हणजे अजून पाण्यात पडलो नाही, हे मला चटकन समजलं. निघताना डॉक्टर सहज म्हणाले, "मिसेसचीही एकदा बघून घ्या." मी म्हणालो, "ती ठणठणीत आहे हो. दिवसभर कामात असते." एवढं बोलून मी बाहेर पडलो आणि तसाच बुटांच्या दुकानात गेलो.

नव्यानं चालायला लागलेल्या माणसाचं सगळ्यांना कौतुक असतं, आणि त्याला स्वतःला सगळ्यांत जास्त. कॉलनीच्या बागेतली पहिली फेरी मला अजून आठवते. अर्ध्यात दम गेला. बाकावर बसलो आणि कुणी बघू नये म्हणून फोन कानाला लावून उगाच हं हं करत राहिलो. गुडघे संध्याकाळपर्यंत कुरकुरत होते. दुसऱ्या दिवशी परत गेलो. फार चालायचं नाही, पण जायचं, एवढंच ठरवलं होतं, आणि ते बरोबर होतं. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन की थोडं करा, उद्या परत करावंसं वाटेल एवढंच करा. शरीर हट्टी असतं, पण दावा धरत नाही. महिनाभरात ते माझं ऐकायला लागलं. पहाटेच्या गार हवेत छाती भरून श्वास घेतला की आतून काहीतरी सैल व्हायचं. इतकी वर्षं मी टेबलावर वाकून बसलो होतो, तेव्हा माझ्या पाठीला आकाश म्हणून काही असतं हे ठाऊकच नव्हतं.

खाणंही बदललं. निम्मं ताट काकडी, गाजर, मुळा, कांद्याची पात. एक भाकरी. मोड आलेले मूग. बिनसाखरेचा चहा. तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगांची चटणी, जिच्यावाचून मला घास गिळत नसे, ती ताटातून गेली. संध्याकाळी सातला जेवण, आणि त्यानंतर काही नाही.

'मी हे सोडलं, मी ते सुरू केलं' असं मी सगळ्यांना सांगायचो. ऐकणारे माना डोलवायचे. मूग कोण भिजत घालतं, फडक्यात बांधून खुंटीला कोण टांगतं, मी फिरून येईपर्यंत काकडी कोण चिरून ठेवतं, हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मी उठायच्या आधी ती उठलेली असायची. माझी भाजी वेगळ्या पातेल्यात, तेलाच्या नुसत्या बोटावर. दुसऱ्या पातेल्यात नेहमीची. आमची मुलगी प्रज्ञा नोकरीसाठी पुण्याला गेलेली. घरात माणसं दोनच. मी भात सोडला तेव्हा बायको म्हणाली, "आता एका माणसाचा भात कसा लावायचा?" मला वाटलं, गंमत करतेय. तिला खरंच माहीत नव्हतं. वळसंगच्या तिच्या घरात एका माणसाचं असं कधी शिजलंच नव्हतं. मग ती पूर्वी लावायची तेवढाच भात लावत राहिली.

आणि उरलेलं टाकायचं नाही. ही गोष्ट आमच्या घरात कुणी कुणाला शिकवलेली नाही, ती रक्तातच आहे. माझे आजोबा लहान असताना मागून आणलेल्या शिळ्या भाकरीचे तुकडे छपरावर वाळवून ठेवत, आणि अडीनडीला ते पाण्यात भिजवून खात. माझी आई याबद्दल बोलायची नाही. पण आमच्या ताटात चार शितं राहिली तर बोटानं टिपून तोंडात टाकायची आणि आमच्याकडं बघायचीसुद्धा नाही. त्या न बघण्याला आम्ही फार भ्यायचो. माझ्या बायकोचंही तसंच. तळाला चिकटलेलं खरवडून खाल्ल्याशिवाय तिला पातेलं घासायला टाकता येत नाही.

बागेत आमचा फिरणाऱ्यांचा एक जथा जमला होता. त्यात गड्डम नावाचे गृहस्थ होते. यंत्रमागाचा धंदा मुलांवर सोपवून निवांत झालेले, बोलायला मोकळे. त्यांनी मला मंत्र दिला. "साहेब, मन मारून काही होत नाही. वस्तूच घरात ठेवायची नाही. डोळ्याला दिसली की पोटात गेलीच म्हणून समजा." मला हे इतकं पटलं की घरी येऊन मी स्वयंपाकघरातले डबेच उघडून पाहिले.

पण वस्तू घरात येतच असतात. कचेरीत कुणी निवृत्त झालं की पेढ्यांचा पुडा मिळतो. पौर्णिमेला विहारातून खिरीचा डबा भरून येतो. संक्रांतीला समोरच्या बाई शेंगापोळ्या पाठवतात, गूळ आणि शेंगांचं कूट भरलेल्या, कडेपर्यंत खुसखुशीत. मी डबा उघडायचो, वास घ्यायचो, झाकण लावायचो आणि म्हणायचो, "तेवढं संपवून टाक. माझ्या डोळ्यांसमोर नको."

"एवढं सगळं? मी एकटी?"

"मग काय टाकून द्यायचं?"

या प्रश्नाला आमच्या घरात उत्तर नाही. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी तो विचारायचो. आज हे लिहिताना हात थांबतोय, पण लिहितो. ही काही नकळत झालेली चूक नव्हती.

माझं जेवण सातला व्हायचं. तिचं मागाहून, ओटा आवरता आवरता, उभ्यानंच. मी बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसायचो आणि आतून आवाज यायचे. झाकण सरकल्याचा. पातेल्याच्या तळाला चमचा लागल्याचा. पुड्याचा कागद चुरगळल्याचा. आणि मला हायसं वाटायचं. घरातला मोह संपला, आणि अन्नही वाया गेलं नाही. दोन्ही पापं टळली. मी पाणी पिऊन शांत झोपायचो.

वजन उतरलं. पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. एका लग्नात लोक मला ओळखेनात, मग ओळखल्यावर मिठ्या मारू लागले. "काय केलंत हो?" मी सांगत सुटलो. ती शेजारी उभी होती. कुणीतरी तिला म्हणालं, "वहिनी, तुम्हीपण घ्या की जरा मनावर, साहेबांकडं बघा." ती हसली. तिनं पदर पोटावरून पुढं ओढून घेतला. मी तिथं एक शब्द बोललो असतो, नुसतं 'हे हिनंच केलंय' एवढं, तरी चाललं असतं. बोललो नाही. मला वाटतं, तेव्हा मला ते खोटंही वाटलं असतं.

तिला तहान फार लागायला लागली होती. दुपारी बसल्या बसल्या डोळा लागायचा. "पायाला मुंग्या आल्यागत होतंय," असं एकदा म्हणाली. मी वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालो, "चालत नाहीस ना, म्हणून."

मग मागच्या वर्षीचा हुरडा आला.

प्रज्ञा सुट्टी काढून आली होती. आम्ही तिघं वळसंगला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं, तरी वारा गार होता. ज्वारीच्या ताटांची सळसळ चालू होती. पलीकडच्या रानातून कुणीतरी कानडीत बैलाला दटावत होतं. बांध आला. मी एका ढांगेत पार केला आणि मागं वळून बघितलं की सिद्धार्थनं बघितलं का. त्यानं बघितलं होतं. "आरं तिच्या! दाजी तरणे झाले की!" माझ्या मागून माझी बायको प्रज्ञाचा हात धरून चढत होती. मी पुढं गेलो होतो.

हुरड्याची एक रीत असते. चोळणाऱ्याला खायला मिळत नाही. कणीस विस्तवातून निघतं ते चटका देणारं असतं, ते गरम आहे तोवरच चोळावं लागतं, आणि चोळलं की लगेच दुसऱ्याच्या तळहातावर टाकावं लागतं. माहेरी हे काम कायम तिचं. "आक्काच्या हातचा हुरडा" म्हणून पोरं तिच्याभोवती गोळा होतात. त्या दिवशीही ती आगटीजवळ बसली. चोळायची, फुंकर मारायची, समोर येईल त्या हातावर ओतायची. माझ्या हातावर पडला तेव्हा मी तो निम्मा परत केला आणि हुरड्यातल्या तंतूंचे फायदे सांगायला लागलो. प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, इथं तरी नको ना!"

मग ताटं आली. चटणी, दही, गूळ आणि शेंगापोळ्या. मी माझ्या वाटची पोळी उचलून बायकोच्या ताटात टाकली. "तूच संपवून टाक."

सिद्धार्थ बघत होता. तो मोठ्यानं म्हणाला, "आक्का, दाजी वाळले आन् तू फुगलीस. वजन तेवढंच हाय की घरात, नुसतं हिकडनं तिकडं सरकलंय!"

सगळे हसले. ती सगळ्यांत जास्त हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसलो. तो गमतीत बोलला, पण माझ्या घरात जे चाललं होतं ते तोवर कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळानं ती पाण्याची कळशी आणायला उठली आणि येता येता भावजयीशी बोलत आगटीच्या कडेला उभी राहिली. चपला बांधावर काढलेल्या. माहेरच्या रानात ती चपला घालत नाही. कणसं उकरताना गोवरीचा एक जळता तुकडा बाहेर पडला होता. ती त्यावर उभी होती. उभी होती आणि भावजयीला शेळीच्या करडांबद्दल काहीतरी विचारत होती.

"मम्मी, पाय!" प्रज्ञा किंचाळली. "मम्मी, पायाखाली बघ!"

ती इकडंतिकडं बघायला लागली. म्हणाली, "कुटं?"

तो शब्द मी विसरू शकत नाही. मला आगटीचा धूर आठवत नाही, आम्ही तिला कसं बसवलं ते नीट आठवत नाही. सिद्धार्थनं ओढून तिला बाजूला घेतलं एवढं आठवतं. तळव्याचं कातडं जाऊन आतलं दिसत होतं, आणि ती आम्हालाच समजावत होती, "काय न्हाय रे, दुकत न्हाय मला." दुखत नाही म्हटल्यावर भावजयीच्या जिवात जीव आला. प्रज्ञा मात्र पांढरीफटक पडली होती. दुखायला हवं होतं, हे तिला कळलं होतं.

सोलापुरात आमच्या त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात साखर मोजली. डॉक्टरांनी आकड्याकडं पाहिलं, मग माझ्या अंगाकडं, मग तिच्याकडं. म्हणाले, "हे आजचं नाही. बऱ्याच दिवसांपासून असणार. घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

मी म्हणालो, "मी रोज सांगतो, डॉक्टर. गोड कमी कर, चालायला चल. ऐकतच नाही."

खोली लहान होती. प्रज्ञा दाराशी उभी होती. माझी बायको समोरच्या भिंतीकडं बघत होती. डॉक्टरांनी तिला विचारलं, "का हो? ऐकत नाही तुम्ही?"

ती म्हणाली, "व्हय."

तिनं मला वाचवलं, तेही पायावर पट्टी बांधली जात असताना. आणि मी वाचलो.

जखम भरायला उन्हाळा उलटला. ड्रेसिंग मी शिकून घेतलं. रोज तिचा पाय मांडीवर घेऊन बसायचो. धुवायचो, पुसायचो, औषध लावायचो. रात्री हातआरसा तळव्याखाली धरून कुठं नवीन काही लागलंय का ते बघायचो, कारण तिला ते कळणार नव्हतं. पुण्याहून प्रज्ञा फोन करायची. एकदा म्हणाली, "पप्पा, तुम्ही मम्मीचं किती करताय. माझ्या मैत्रिणींना मी सांगते." मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ नळ सोडून हात धूत राहिलो.

'बऱ्याच दिवसांपासून असणार' हे डॉक्टरांचं वाक्य मी वर्षभर औषधासारखं घेतलं. म्हणजे माझ्या पथ्याच्या आधीपासूनच होतं. म्हणजे मी नाही. सकाळी घेतलं की दुपारपर्यंत त्याचा गुण टिकायचा. दुपारी त्याच डॉक्टरांचं दुसरं वाक्य आठवायचं, 'मिसेसचीही एकदा बघून घ्या.'

मग मी तिला सुधारायला घेतलं. ज्या उत्साहानं स्वतःला घेतलं होतं, त्याच उत्साहानं. तिची भाकरी मी ठरवली, तिची वाटी मी भरली, तिच्यासाठी मऊ तळव्याचे बूट मी आणले. डॉक्टरांनी चालायची परवानगी दिल्यावर तिला बागेत घेऊन गेलो. मी पुढं चालायचो आणि वळणावर थांबून मागं बघायचो. ती खाली मान घालून येत असायची, शाळेत उशीर झालेल्या मुलीसारखी. सगळ्याला ती हो म्हणायची. "खाल्लं का मोजून?" "व्हय." "गोड नाही ना घेतलं?" "न्हाय." आणि साखर काही उतरेना. डॉक्टरांनी इंजेक्शनचं नाव काढलं. मला राग यायला लागला. कधीकधी मी तिच्यावर ओरडलो. एकदा म्हणालो, "मला जमतं, तुला का नाही जमत?" माझ्या सवयीसाठी एक आख्खं माणूस पहाटे उठत होतं, तिच्या सवयीसाठी कोण उठत होतं? हे तेव्हा सुचलं नाही.

यंदा सिद्धार्थचा फोन आला, तिनं 'बघू' म्हटलं आणि पाय ओढून घेतले, तेव्हा मला कळलं की ती माझ्या नजरेला भ्यायला लागली आहे. आईच्या न बघण्याला आम्ही भ्यायचो, तशी ही माझ्या बघण्याला.

मी तिच्यासमोर खाली बसलो. मेथीची जुडी ओढून घेतली आणि पानं खुडायला लागलो. म्हणालो, "तुला एक सांगायचंय."

"सांगा की."

सांगितलं. एका दमात नाही, अडखळत. की मी मुद्दाम संपवून टाक म्हणायचो. की टाकून द्यायचं का असं विचारलं की तुला बोलता येत नाही, हे मला माहीत होतं. की आतून आवाज यायचे ते मी ऐकायचो, आणि मला बरं वाटायचं. की दवाखान्यात मी खोटं बोललो.

ती मेथी निवडत होती. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला. मग म्हणाली, "मला म्हाईत हाय की."

"काय माहीत आहे?"

"तुमी टीव्ही बारीक करायचा. माझं खाणं ऐकायला."

खरंच करायचो. मी हे स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलायचं? मला ग्वाड लागायचं म्हणून मी खाल्लं." तिनं हातातली काडी मोडली. "दिसभर तुमचं आळणी शिजवून जीव विटायचा. शेंगापोळी खाताना वाटायचं, एवढं तरी माझं हाय. कुणी वाढलं न्हाय, कुणी मागितलं न्हाय. उभ्यानं का हुईना, माझं."

"पण मी तुला—"

"तुमी, तुमी, तुमी." तिचा आवाज चढला. आमच्या संसारात तो असा क्वचितच चढलाय. "बारीक झाला ते तुमी. मी आजारी पडले तेबी तुमीच व्हय? माझं खाणंबी आता तुमच्याच नावावर करून घेता का?"

वर्षभर मी स्वतःला जे टोचत होतो, त्यातही मी तिला कुठं जागा ठेवली नव्हती.

खाली कुणीतरी गाडीला किक मारत होतं, ती चालू होत नव्हती. मग ती हळू आवाजात म्हणाली, "दवाखान्यात बोलला ते मातुर तुमचं. पोरीसमोर बोलला. ते मी इसरणार न्हाय."

"मी सांगतो प्रज्ञाला."

"सांगा. मी आडवणार न्हाय."

मी त्याच दुपारी प्रज्ञाला फोन केला. ती सगळं ऐकून घेत राहिली. शेवटी म्हणाली, "मम्मीला फोन द्या," आणि माझ्याशी पुढं काही बोलली नाही. अजूनही माझ्याशी ती कामापुरतंच बोलते. ते बरोबर आहे.

मायलेकींचं बोलणं झाल्यावर मी बायकोला विचारलं, "आता मी काय करू?" हे मी तिला पहिल्यांदा विचारत होतो. आजवर काय करायचं ते मी सांगायचो.

तिनं विचार केला. म्हणाली, "सातला जेवून तुमी उटता. मग मी भिताडाकडं बघत खाते. भिताडाकडं बघून माणसाला किती खाल्लं ते कळत न्हाय. तर आता मी जेवायला बसंन तवा तुमी उटायचं न्हाय. बसायचं."

"बसतो."

"आन् माझ्या ताटात बघायचं न्हाय. मोजायचं तर आजाबात न्हाय. आन् सारखं पथ्याचं बोलायचं न्हाय. जमंल?"

मी हो म्हणालो. मला वाटलं, हे सोपं आहे.

त्या संध्याकाळी ती माझ्या बरोबरीनं ताट वाढून घेऊन खाली बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण घरात कुणी पाहुणा नसताना ती अशी माझ्यासमोर बसून जेवलेली मला फारशी आठवत नाही. माझं आधी संपलं. हात धुतला आणि परत येऊन बसलो. आता बघायचं कुठं? पंख्याकडं बघितलं. कॅलेंडरकडं बघितलं. डोळे सारखे खाली घसरत होते, मी ते वर उचलत होतो. पहिल्या दिवशी बागेत गुडघे असेच कुरकुरले होते.

ती सांगत होती. लहानपणी ती आणि सिद्धार्थ शेळ्या घेऊन माळावर जायचे, आणि एकदा एक शेळी दुसऱ्याच कळपाबरोबर अक्कलकोटच्या वाटेनं निघून गेली. सिद्धार्थ रडायला लागला, आणि ही त्याला माळावर ठेवून एकटी शेळीच्या मागं पळाली. "लई पळाले बगा. पायात काय नव्हतं. तरी पळाले." मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. ती पळू शकते, हेच माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

"मग? सापडली?"

"थांबा की. सांगते." भाकरी मोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं परत आला. माझ्या मनानं मोजायला सुरुवात केलीच होती. मी गॅलरीच्या दाराकडं तोंड फिरवलं. मग वाटलं, तोंड फिरवणं म्हणजे उठून जाणंच की. परत तिच्याकडं वळलो आणि फक्त चेहऱ्याकडं बघत राहिलो. गालावर घासाचा उंचवटा होता. डोळे कुठंतरी त्या माळावर होते.

परवा तिची तपासणी आहे. साखर उतरली असेल की नाही, इंजेक्शन चालू करावं लागेल की नाही, मला माहीत नाही. शेळी सापडली, पण कशी सापडली ते सांगताना ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मी पाण्याचा तांब्या पुढं केला. ती पाणी प्यायली. मग ताट उचलून ती आत गेली.

ताटात काही उरलं होतं का, तिनं किती खाल्लं, मला खरंच सांगता येणार नाही.